वाणात गेलेला अजगर

गेल्या वर्षीच्या संक्रांतीला मी माझा अजगर सोळा सवाष्णींना वाटून टाकला.

अजगर लोकरीचा होता. (खरा असता तर निदान एखादीनं तरी ‘नको’ म्हटलं असतं.) डोकं सोडून सोळा फूट लांब, वीतभर रुंद, अंगावर पोपटी आणि हळदी पट्टे, मधूनच राणी रंगाचे ठिपके, काळ्या बटणांचे डोळे आणि तोंडावर हसू. ते हसू जमेपर्यंत मी त्याचं तोंड चार वेळा उसवलं होतं. तीन महिने, रोज दुपारी, दोन सुयांवर मी तो विणला. आणि एका दिवसात, माझ्याच घरात, माझ्याच कात्रीनं, माझ्या डोळ्यांदेखत तो संपला. कात्री कुणी दिली ते पुढं येईलच. मीच दिली, आता लपवून काय करायचं!

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मला विणता येतं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आमच्या उस्मानपुऱ्यातल्या गल्लीत यावर आता कुणाचा विश्वास उरलेला नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. तेवढ्या काळात मी ह्यांना, सासऱ्यांना, दोन्ही दिरांना, मुलीला आणि ज्यांची नावं आता आठवत नाहीत अशा भाच्यांना स्वेटर विणले. आमच्याकडे थंडी पडते जेमतेम पंधरा दिवस. ट्रंकेतून स्वेटर काढून उन्हात टाकेपर्यंत ती निघून जाते. म्हणजे मी आयुष्यभर न घालण्याचे कपडे विणत बसले! पण ते कुणाच्या तरी नावाचे होते, म्हणून कुणी कधी विचारलं नाही की बाई, हे कशाला? वस्तू निरुपयोगी असली तरी आमच्या घरात चालते. फक्त ती दुसऱ्यासाठी असावी लागते.

मी स्वतः तीस वर्षं एका शाळेच्या कचेरीत लिपिक होते. रजेच्या अर्जात ‘कारण’ असा एक रकाना असतो. ताप, लग्न, बाळंतपण, दहावा, शेताची मोजणी, सगळी कारणं मी वाचली. ‘मजा वाटली म्हणून’ असं कारण लिहिलेला अर्ज तीस वर्षांत एकदाही आला नाही. आला असता तर मीच तो लाल शाईनं परत पाठवला असता.

निवृत्त झाल्यावर एकदा दिराच्या नातवंडांना घेऊन सिद्धार्थ उद्यानात गेले होते. पोरं माकडांकडं पळाली आणि मी अजगराच्या काचेसमोर उभी राहिले. तो वेटोळं घालून पडला होता. काहीही करत नव्हता. पन्नास माणसं त्याला बघायला आली होती आणि त्यातल्या एकानंही त्याला उठून चहा टाकायला सांगितलं नाही. मी तिथं अर्धा तास उभी होते. घरी येताना ठरवलं, आपण एक अजगर विणायचा. कुणाला द्यायचा नाही, कुठं वापरायचा नाही. विणून झाला की जुन्या उशांमधला कापूस भरायचा, सोफ्यावर आडवा टाकायचा, त्याचं डोकं मांडीवर घ्यायचं आणि अर्धा तास उठायचं नाही. साठाव्या वर्षी माणसानं याहून कमी काय मागावं?

लोकर आणायला गुलमंडीवर गेले. दुकानदार चाचा जुने, ओळखीचे. पोपटी लोकर पुढं करत त्यांनी सहज विचारलं, “क्या बनारे आंटी? किसके वास्ते?”

इथं पहिल्यांदा मला ‘माझ्यासाठी’ म्हणता आलं असतं. मी म्हटलं, “पोते के वास्ते.”

“अरे, मुबारक! लडका हुआ?”

“हां.”

मुलगा मला नाहीच, आणि मुलीचं लग्नसुद्धा व्हायचं होतं! चाचांनी खूश होऊन नरम लोकर काढून दिली, वर दोन काळी बटणं अशीच हातावर ठेवली. पुढच्या खेपेला गेले तर म्हणाले, “बैठने लगा क्या?” मी म्हटलं, बसायला लागला. तिसऱ्या खेपेला त्याला दात आले. चौथ्या खेपेला चाचांनी त्याचा फोटो मागितला, तेव्हा मात्र मी हळदी लोकर तशीच टाकून पळत सुटले. शेपटीकडचे काही पट्टे दाट आणि मानेकडचे विरळ होते, त्याचं कारण हे. जगाला वाटतं कलाकारानं मुद्दाम केलं.

घरी हे होते. आमचे हे निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्रामागं राहतात. एकदा पान उलटताना त्यांची नजर माझ्या सुयांवर गेली.

“काय चाललंय?”

“मफलर,” मी म्हटलं. “तुमच्यासाठी.”

“अरे वा.”

अजगर पाच फुटांचा झाला तोवर ते ‘अरे वा’ टिकलं. आठ फुटांना त्यांनी चष्मा लावला.

“अगं, माझी मान किती आहे?”

“गुंडाळायचा असतो.”

बारा फुटांना ते म्हणाले, “मला गुंडाळून उरेल तो कुणाला गुंडाळायचा? घरमालकाला?” त्या दिवसापासून मी अजगर पलंगाच्या पोटातल्या कप्प्यात लपवला आणि ह्यांची वामकुक्षी सुरू झाली की काढून विणायला बसायची. ह्यांनी पुन्हा विचारलं नाही. मफलर कुठं गेला, पुरा झाला का, काहीही नाही. त्याचं मला वाईट वाटलं. मग वाटलं, विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? पायमोजे?

पण त्या दुपारी, खरं सांगते, फार सुखाच्या गेल्या. सुयांचा आवाज, ह्यांचं घोरणं, आणि मांडीवर हळूहळू वाढत जाणारा एक प्राणी. मी इतकी रमले की संक्रांत तोंडावर आली, हळदी-कुंकवाची आमंत्रणं देऊन झाली, सोळा जणी हो म्हणाल्या, आणि वाण आणायचं मी साफ विसरले!

आता हळदी-कुंकवाला तिळगूळ विसरला तर एकवेळ निभावतं. शेजारून आणता येतो. पण आलेल्या बाईच्या हातात वाण ठेवलं नाही, तर पुढच्या दहा संक्रांती तुमचं नाव निघतं. चमचा द्या, डबी द्या, आरसा द्या, काहीतरी दिलंच पाहिजे. मला हे आठवलं ते त्याच दिवशी सकाळी, नणंद दारात उभी राहिल्यावर.

ही आमची आक्का, ह्यांची थोरली बहीण, लासूर स्टेशनला असते. दर संक्रांतीला सकाळच्या गाडीनं येते, सोबत तीळ, गूळ आणि माझ्याबद्दलची मतं घेऊन. लासूरमधल्या अर्ध्या बायकांची पोलकी तिनं शिवलेली आहेत. माझ्याकडं शिलाई मशीन आहे ते ती आली की चालतं.

पिशवी खाली ठेवायच्या आत आक्का म्हणाली, “शालन, वाण काय आणलंस गं औंदा?”

मी म्हटलं, “आणलंय की.”

“दाव मग.”

“पलंगात आहे.”

का म्हटलं मी असं? घरात काहीही लपवलं असेल ते पलंगातच असतं, म्हणून तोंडातून तेच निघालं. आक्कानं फळी उचलली, पोपटी टोक दिसलं ते धरलं आणि ओढायला लागली. ती शेपूट होती. आक्का मागं मागं सरकत हॉलमध्ये आली. “लई लांब हाय गं हे!” आणखी ओढलं. “अगं, संपना की!” ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली तेव्हा ह्यांनी पेपर खाली केला आणि हरवलेलं मांजर सापडल्यासारखे ओरडले, “अरे, माझा मफलर!”

तेवढ्यात पलंगातून डोकं बाहेर आलं.

“आरं देवा! लांबडं!” आक्का खुर्चीवर चढली. (तिचे गुडघे दुखतात. जिना चढताना मला दोनदा हात द्यावा लागतो.) “शालन! सणाच्या दिवशी घरात लांबडं? आन् ते बी हसायलंय!”

मी तुम्हाला त्या क्षणाबद्दल नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिथून झालं. आक्का खुर्चीवर, छातीवर हात. हे सोफ्यावर, पेपर मांडीवर. दोघं माझ्याकडं बघत होते. आणि माझं वाक्य तयार होतं, तीन महिने घोकलेलं. ‘आक्का, हा माझा अजगर आहे. मी तो माझ्यासाठी विणलाय. असंच, मजा म्हणून.’ एवढंच म्हणायचं होतं. कुणी मला फाशी देणार नव्हतं. फार तर आक्का ‘येड लागलंय का’ म्हणाली असती, आणि ते ती तसंही वर्षातून चारदा म्हणते.

“वाण आहे,” मी म्हटलं. “सोळा जणींना पुरावं म्हणून सलग विणलंय.”

आक्का खुर्चीवरून उतरली. “म्हंजे कापायचं व्हय?”

“...हो.”

“मग तोंड कशाला केलंय?”

“लोकर उरली होती.”

आक्कानं शेपटीपासून वीत टाकून मोजायला सुरुवात केली. तिचा चेहरा उजळत गेला. शिवणाऱ्या बाईला एवढा लांब पट्टा मिळाला की तिला दुसरं काही दिसत नाही. “शालन, एकेक फुटाचा तुकडा घ्यायचा, दुमडायचा, दोन्ही बाजूंनी शिलाई मारायची. मोबाइलची पिशवी! सोळा तुकडे, सोळा पिशव्या. बराबर बसलं की गं! डोकं हाय तुला, पर तू सांगत नाहीस. कात्री कुठंय?”

मी उठले, फडताळ उघडलं आणि कात्री दिली. धारेची बाजू माझ्याकडं आणि मूठ तिच्याकडं करून दिली, शाळेत मुलांना शिकवतात तशी.

पहिला तुकडा पडला तेव्हा ‘कच्च’ असा आवाज झाला. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात हे मदतीला उठले. छत्तीस वर्षांत कधी हात न लावलेला माणूस खाली बसून दुसरं टोक धरू लागला! “बघ,” मला म्हणाले, “आता कसं उपयोगी पडलं. मी म्हणतच होतो, एवढं लांब कशाला करतेय.” हे वाक्य मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. त्यांना ते आठवतही नाही.

फक्त डोकं उरलं तेव्हा मी म्हटलं, “आक्का, डोकं राहू दे.”

“कशाला?”

पुन्हा कशाला! “पिना खोचायला,” मी म्हटलं.

“व्हय, ते बेस होईल,” म्हणून आक्कानं ते माझ्याकडं टाकलं. मी ते उचलून तांदळाच्या डब्यामागं ठेवलं.

आता एक कबुली. कापड कापलं तर काठ दुमडायचा, नाहीतर चार धागे निघतात, एवढं आक्काला ठाऊक आहे. पण तिला घाई होती, बायका पाचला येणार होत्या, काठ दुमडायला वेळ नव्हता. आणि सुयांवर विणलेल्याची तऱ्हा वेगळी असते. मी शेपटीकडून डोक्याकडं विणत गेले होते. असं विणलेलं मधेच कापलं की प्रत्येक तुकड्याचं डोक्याकडचं टोक मोकळं सुटतं. एक धागा ओढला की ओळीमागून ओळ उसवत जाते, थांबत नाही. डोक्याला तेवढा धोका नव्हता. त्याचं सुटणारं टोक वर तोंडाशी होतं आणि ते मी पक्कं बंद केलेलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. मी सांगायला तोंडही उघडलं. “आक्का, ते काठ...”

“तू तिळाचं बघ गं, पाक जळायलाय!”

मी तिळाचं बघितलं. पण प्रामाणिकपणे सांगते, त्यानंतर मला दोनदा संधी होती. एकदा ती मशीनवर दोरा ओवत होती तेव्हा आणि एकदा चहाला. मी बोलले नाही. उसवू दे, म्हटलं. सोळा जणींच्या हातात उसवू दे, आक्काची चांगली फजिती होऊ दे! आयुष्यात एकदा सूड घ्यायचं ठरवलं, तर तोही मी गप्प बसूनच घेतला.

पाच वाजता बायका आल्या. हळद लागली, कुंकू लागलं, तिळगूळ वाटून झाला. गोड बोलायचा दिवस, त्यामुळं सगळ्या गोडच बोलत होत्या. आक्कानं ताटातून एकेक पिशवी उचलून माझ्या हातात दिली आणि मी ती एकेकीच्या हातात ठेवली. “अय्या, हातानं विणलेलं!” “एवढी मेहनत कोण घेतं हो हल्ली!” वरच्या मजल्यावरच्या सूनबाईनं तर लगेच मोबाइल आत घालून बघितला. त्याचं डोकं थोडं बाहेर राहत होतं, पण आक्कानं ‘घंटी ऐकू येती म्हणून तसं केलंय’ असं सांगून टाकलं. मी हसून सगळ्यांचं ऐकत होते. आतून मी वाट बघत होते.

फार वेळ लागला नाही. सूनबाई निघाली तशी तिच्या बांगडीत एक राणी धागा अडकला. तिनं झटकला. धागा वीतभर आला. तिनं अजून झटकला, तो हातभर आला. “अहो काकू, हे काय होतंय?” म्हणेपर्यंत पिशवी अर्धी झाली आणि मोबाइल जिन्यावर उतरला, एकेका पायरीवर थांबत, अगदी तळमजल्यापर्यंत. त्याला उचलायला तिघी धावल्या. त्या तिघींच्या पिशव्यांचे धागे एकमेकींत, मग कठड्यात, मग एकीच्या पैंजणात. “हलू नका!” “अगं, तू हलू नकोस!” “मी कुठं हलतेय, तूच ओढायलीस!” गोड बोलणं तिथंच संपलं.

त्याच वेळी आमचे हे दूध घेऊन जिना चढत होते. त्यांना धागा दिसला नाही. (त्यांना सोळा फुटांचा अजगर तीन महिने दिसला नाही, तर धागा काय दिसणार!) त्यांचा पाय अडकला आणि दुधाची पिशवी तिसऱ्या पायरीवर फुटली. कोपऱ्यावरच्या घरातल्या बाई सगळ्यांच्या आधी स्कूटीवर बसून निघून गेल्या होत्या, पण त्यांचा धागा आमच्या फाटकाच्या कडीला लागला होता. त्या गल्लीच्या टोकाला पोचल्या तेव्हा त्यांच्या हातात पिशवीच्या जागी दोन शिलाया होत्या. फाटकापासून टोकापर्यंत पोपटी रेघ. पानटपरीवरची माणसं ती वाकून ओलांडत होती.

आता आक्काची फजिती होणार, म्हणून मी पदर खोचून तयार उभी राहिले. सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं.

आक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, “शिलाई माझी पक्की हाय, बघा की, शिलाई कुठं सुटलीय का? वीणच कच्ची! तुझा हात सैल गं शालन. लगीन झालं तवापासून सांगायलेय.”

आणि हे, भिजलेला पायजमा पिळत, म्हणाले, “तरीच! मी म्हणत होतो, मफलर एवढा लांब कसा काय होतोय. सैल हात!”

इथंही मी बोलू शकले असते. पण काय बोलणार? ‘उसवणार हे मला माहीत होतं, मी मुद्दाम सांगितलं नाही’ असं? मग मी वाईट ठरले असते. न बोलता मी अडाणी ठरले. रात्रीच्या जेवणाआधी कॉलनीच्या ग्रूपवर सोळा फोटो आले, प्रत्येकात लोकरीचा एक गुंता आणि खाली हसणारे चेहरे. ‘वहिनी, वाणाचं काय करायचं?’ मी उत्तर लिहिलं, ‘क्षमस्व. टाके सैल पडले.’ सोळा जणींनी अंगठा दाखवला.

एवढ्यावर भागलं नाही. सगळा गोंधळ शमल्यावर सातच्या सुमारास खालच्या मुळेबाई आल्या. बोलवायचं राहिलं होतं, पण खालच्याच, म्हणून सहज कुंकू लावून घ्यायला आल्या. ताट रिकामं होतं.

“असू द्या हो,” मुळेबाई म्हणाल्या, “वाणाचं काय एवढं!”

पण सवाष्णीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? आक्कानं मला डोळ्यांनी खुणावलं. मी कळलं नाही असं दाखवलं. मग ती उघडच म्हणाली, “अगं, ते पिना खोचायचं हाय की! ते दे.”

पिना खोचायचं. मीच ठेवलेलं नाव! मी स्वयंपाकघरात गेले, तांदळाच्या डब्यामागं हात घातला. मग डोकं आणून, हळदी-कुंकू लावून, हसून मुळेबाईंच्या हातात दिलं.

मुळेबाईंनी ते उलटसुलट करून बघितलं. मग हातभर लांब धरून बघितलं आणि मोठ्यानं हसल्या. “अय्या, हा तर हसतोय!”

तीन महिन्यांत त्याच्याकडं नीट बघितलेली ती पहिली बाई. आणि ती त्याला घेऊन खाली निघून गेली.

फाटकाच्या कडीला पोपटी धागा पुढं दोन महिने होता. सकाळी दूध आणायला जाताना मला दिसायचा. मी तो काढला नाही. नंतर कुणीतरी फाटकाला रंग दिला आणि धागाही रंगून गेला. आक्काला सगळा प्रकार विनोदी वाटतो, ती लासूरला पोलकी शिवताना बायकांना सांगते. मी सुया ट्रंकेत टाकल्या, स्वेटरांच्या खाली. यंदाच्या संक्रांतीला मी चहाच्या गाळण्या वाटल्या. सगळ्यांना फार आवडल्या.

मग तीन दिवसांनी मुळेबाईंकडं हळदी-कुंकू होतं. जाणार नव्हते, पण खालच्याच, म्हणून गेले. दारातच थबकले. समोर शोकेसमध्ये, बाहुल्या आणि ट्रॉफ्या बाजूला सारून, अजगर वेटोळं घालून बसला होता! डोकं माझं. मागचं अंग नवीन, तपकिरी लोकरीचं, कुठं जाड, कुठं बारीक, मधे दोन ठिकाणी भोकं. पण मला बघून हसत होता.

“अय्या, मुळेबाई, हे काय?” बायका भोवती जमल्या.

“अजगर!” मुळेबाई म्हणाल्या. “डोकं आयतं मिळालं होतं. रोज बघायची. मग वाटलं, बिचाऱ्याला अंग नाही. मोबाइलवर बघून बघून शिकले आणि विणलं.”

“पण कशासाठी?”

मुळेबाई तिळगुळाची वाटी फिरवत, मागंही न बघता म्हणाल्या, “कशासाठी काय? असंच. मजा म्हणून.”

मी वाट बघत होते. छत गळून पडेल, कुणी तोंडाला पदर लावेल, कुणी म्हणेल येड लागलं. काही झालं नाही. बायका म्हणाल्या, “कित्ती छान! हौस लागते हो अंगात.” आणि मुळेबाई पुढच्या बाईला कुंकू लावायला गेल्या. इतकं सोपं होतं! त्या क्षणी मला मुळेबाईंचा जो राग आला, तेवढा आक्काचा, कात्रीचा आणि ह्यांचा मिळूनही आला नव्हता. डोकं मीच दिलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते वाक्य माझं होतं.

“अंग घरचं आहे ते कळतंय,” वरची सूनबाई काचेला नाक लावून म्हणाली. “डोकं मात्र विकतचं दिसतंय. काय सफाई आहे!”

“हो ना, हातचं वाटतच नाही,” मुळेबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. “कुठून आणलं होतं हो तुम्ही?”

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. त्याच त्या, सैल हाताच्या साक्षीदार. अजगर काचेतून हसत होता.

“गुलमंडीवरून,” मी म्हटलं.

मुळेबाई मनानं चांगल्या आहेत. निघताना माझा हात धरून, बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “एक सांगू? मागच्या वर्षीच्या त्या वाणाचं मनाला लावून घेऊ नका. दर बुधवारी चारला या माझ्याकडं. मी शिकवते. काही अवघड नसतं.”

आता मी दर बुधवारी चार वाजता मुळेबाईंकडं विणकाम शिकायला जाते. अजगराच्या बरोबर समोर बसते. सुलटा टाका कसा घालायचा ते त्यांनी मला तीन वेळा दाखवलं. प्रगती बेताची आहे, पण हात बसेल, असं त्या म्हणतात. परवा त्यांनी सुयांवर टाके घालून दिले आणि विचारलं, “काय विणायचं मनात आहे तुमच्या?”

मी शोकेसकडं बघितलं. मग मुळेबाईंकडं बघितलं.

“मफलर,” मी म्हटलं. “ह्यांच्यासाठी.”